बहिणीची शुद्ध भाषा

वडील पुण्याला शिक्षकाचं ट्रेनिंग करून पुसदला परतले ते शुद्ध भाषा घेऊनच. धाकटी बहीण तेव्हा तान्ही होती. हिच्या कानावर एकही अशुद्ध शब्द पडता कामा नये, असं त्यांनी जाहीर केलं. माझ्यावर त्यांनी केव्हाच पाणी सोडलं होतं; मला तिच्याशी बोलायचीच बंदी होती.

अशुद्ध म्हणजे आईचं बोलणं. तिच्या तोंडून 'मले', 'तुले' निघालं की वडील हातातलं पुस्तक मिटून तिच्याकडे बघत. शेवटी आईनं बाळाशी बोलणंच सोडलं. मुकाट्यानं न्हाऊ घालायची, मुकाट्यानं भरवायची. संध्याकाळी वडील बाळासमोर मांडी ठोकून म्हणायचे, "बाळ, हे पात्र आहे. पात्रात जल आहे." बाळ पात्र उलटं करायचं.

बहीण अडीच वर्षांची झाली तरी बोलेना. वडिलांनी आवाज वाढवला. सगळ्या गल्लीला धडा पाठ झाला, तिला नाही. डॉक्टरांनी कान तपासले आणि विचारलं, "ऐकू छान येतं. घरात हिच्याशी कोण बोलतं?"

"मी रोज शिकवतो," वडील म्हणाले.

"ते कळलं. बोलतं कोण?"

वडिलांनी डॉक्टरच बदलला.

दुपारी ते शाळेत असताना बंजाऱ्यांच्या तांड्यावरची एक बाई दूध घालायला यायची. तिचं पोर बहिणीच्याच वयाचं. दोघांना अंगणात सोडून ती निवांत बसायची आणि त्यांच्या गोरबोलीत अखंड बोलायची; पोरांशी, कोंबड्यांशी, आईशी.

एका रविवारी हेडमास्तर चहाला आले. बहिणीनं आईचा पदर ओढला आणि खणखणीत म्हणाली, "याडी, बाटी द!"

वडील उठून उभेच राहिले. "ऐकलंत? थेट वाक्य!"

"अर्थ काय?" हेडमास्तरांनी विचारलं.

वडिलांनी घसा साफ केला. "मूळ संस्कृत असावं."

आईला हसू आवरेना. "याडी म्हंजे माय. भाकर मांगून राह्यली ते मले. तांड्यावरची बोली हाय." तिनं बहिणीला कडेवर घेतलं. "आता मी बोलीन हिच्यासंग. तुमी पुस्तकासंग बोला."

हेडमास्तरांनी घाईघाईनं चहा संपवला.

दिवाळीपर्यंत बहिणीचं तोंड मिटेनासं झालं. आईशी वऱ्हाडी, अंगणात गोरबोली. वडिलांशी तेवढी शुद्ध, कारण त्यांना दुसरं काही कळत नाही अशी तिची समजूत होती.

वडील मात्र पाहुण्यांना सांगत, लहानपणी मौन पाळायला लावलं की वाणीला तेज चढतं. एका पाहुण्यानं हाच प्रयोग घरी करायचं ठरवलं. आईनं त्याच्या बायकोला मागच्या दारी नेलं आणि बराच वेळ तिच्याशी बोलत बसली.