अण्णाची गिटार आणि माझी वाइंडिंग

गिटार चुलीवर टांगायची वस्तू नाही, हे माझ्या वहिनीला कुणी सांगितलं नव्हतं. आणि तिचं तरी काय चुकलं? घाटमाथ्यावरच्या कॅसलरॉकच्या बाजूला आमचं माहेरचं घर आहे. तिथं पावसाळ्यात जे जे वाचवायचं ते सगळं चुलीवरच्या माळीवर जातं. बांबूच्या कामट्यांची माळी, खाली दिवसभर धूर. बियाण्याचं भात, काकडीच्या बिया, आमसुलं, ओल्या चपला, एकदा तर माझं दहावीचं सर्टिफिकेटसुद्धा त्या माळीवर चार महिने होतं. कोपऱ्यात पडून गिटारीला हिरवी बुरशी धरायला लागली, तेव्हा वहिनीनं मायेनंच ती उचलली आणि बियाण्याशेजारी टांगली.

दिवाळीला मी माहेरी गेले आणि ती खाली काढली. तारा जिला बांधलेल्या असतात ती लाकडी पट्टी ऊब खाऊन सुटून आली होती. सगळ्या गिटारीला सुक्या बांगड्याचा वास येत होता. माझं डोकं पटकन तापतं, तसं तापलंच. वहिनी शांतपणे म्हणाली, "वन्सं, तुमी रागावू नका. तशीबी ती वाजवतंय कोण आता?"

मी पदरानं गिटारीवरची काजळी पुसत बसले.

गिटार अण्णाची, म्हणजे माझ्या थोरल्या भावाची. तरुणपणी तो स्टेशनात माल चढवायला जायचा, तेव्हा बदली होऊन निघालेल्या एका रेल्वेच्या माणसानं जाता जाता ती त्याच्या हातात दिली. शिकवलं कुणीच नाही. तो आपला जाड तार छेडत राहायचा आणि त्या घुमण्यावर अभंग म्हणायचा. घाटातून चढणाऱ्या मालगाडीचा आवाज, दाराशी आलेलं धुकं आणि अण्णाचा सूर, हे माझ्या लहानपणी एकच काहीतरी होतं; कुठलं कुठं संपतं ते मला कळायचं नाही. म्हातारी माणसं आधी हसली, "गणपतीपुढं ह्यो कसला सायबाचा तंबोरा?" म्हणाली. मग त्यांनाही सवय झाली. चतुर्थीला आमच्या घरचं भजन अण्णानं सूर धरल्याशिवाय सुरू व्हायचं नाही.

पुढं तो लाकडाच्या मिलीत लागला आणि करवतीपाशी उभं राहून राहून त्याचे कान गेले. एकदम नाही. आधी पाखरं ऐकू येईनाशी झाली, मग वहिनीची हाक. एका चतुर्थीला भजनात त्याचा सूर सुटला, आणि शेजारी बसलेल्या चुलत्यानं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. अण्णा समजला. त्या दिवसापासून आत भजन चालू असलं की तो बाहेर ओट्यावर सुपाऱ्या सोलत बसायचा. कानात घालायचं मशीन आणलं, पण ते पावसाळी हवेत शिट्ट्या मारायचं. ते त्यानं डबीत घालून देव्हाऱ्यात ठेवून दिलं, देव ऐकेल तर ऐको म्हणून.

त्या दिवाळीला मी मनाशी ठरवलं, की पुढच्या चतुर्थीला अण्णा ओट्यावर नाही, भजनात बसला पाहिजे. मोडकी गिटार साडीत गुंडाळून मी रामनगरला सासरी घेऊन आले.

रामनगरात आमचं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. नवरा गावोगाव फिरून जळालेले पंप आणतो आणि मी ते भरते, म्हणजे जळकी तांब्याची तार काढून नव्या तारेचे वेढे घालते. गिऱ्हाईक आत आलं की आधी नवऱ्याला शोधतं, मग माझ्या हातातली तार बघून गप्प होतं. त्याला मी मुद्दाम थोडा वेळ तसंच उभं ठेवते. गिटार बघून नवरा म्हणाला, "घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं." पण टेबलाची अर्धी बाजू त्यानंच रिकामी करून दिली.

गिटार दुरुस्तीची हत्यारं विकणारा एक व्यापारी मला फोनवर सापडला. सरस मागवला, तर पार्सलात एक छापील चिठ्ठी निघाली. सुटलेली पट्टी कशी बसवायची, जुना सरस कसा खरवडायचा, किती वेळ दाबून ठेवायचं. पुढच्या पार्सलात दुसरी चिठ्ठी. सगळं इंग्रजीत, आणि माझं इंग्रजी त्या माळीवरच्या सर्टिफिकेटापुरतं. तरी कामाची भाषा हाताला कळते. चिठ्ठ्यांची एकच खोड होती. दर युक्तीच्या शेवटी एक हत्यार यायचं, आणि ते नसेल तर काम बिघडेल अशी भीती घातलेली असायची. मी ती शेवटची ओळ वाचायचं सोडून दिलं. पट्टी दाबायला त्यांचे शिकंजे न घेता सायकलची जुनी ट्यूब फाडून पट्ट्या केल्या आणि गिटारीला बाळंतिणीच्या पोटासारखं करकचून बांधलं. पट्टी बसली, ती अजून हललेली नाही.

पण नुसत्या गिटारीचा आवाज अण्णाच्या कानापर्यंत पोचणार कसा? ते उत्तरही एका चिठ्ठीतच होतं. पिकअप. लोहचुंबकाभोवती बारीक तारेचं वेटोळं. वर पोलादी तार थरथरली की वेटोळ्यात वीज जागी होते आणि स्पीकरमधून आवाज निघतो. वाचता वाचता मी एकटीच हसले. आयुष्यभर मी तारेत वीज सोडून लोखंड फिरवत आले; इथं लोखंड हललं की तारेत वीज येत होती. माझाच धंदा, फक्त उलट्या बाजूनं.

सगळ्यात स्वस्त पिकअप मागवला, गिटारीच्या भोकात बसवला, स्पीकर जोडला आणि अण्णाला बोलावून घेतलं. तो वाजवत होता, आम्हाला सगळं ऐकू येत होतं, आणि तो माझ्या तोंडाकडं बघत होता. "चालू केलीस काय?" त्यानं विचारलं. आवाज बारीक होता. बारीक ते सगळं त्याचं गेलेलं होतं.

चिठ्ठीत एक इशारा होता, वेढे जास्त घालू नका, आवाज जाड आणि मंद होतो. त्या ओळीवर माझं बोट थांबलं. त्यांना जे नको होतं तेच मला हवं होतं. पिकअप उघडला, जुनी तार काढून टाकली आणि नवीन मागवली. ती तार केसाहूनही बारीक. पंपाच्या तारेला हिसका दिला तरी चालतो, हिच्यावर श्वास पडला तरी तुटते. पंखा बंद, दार अर्धं लोटलेलं, आणि त्या फटीतून येणाऱ्या उन्हाच्या तिरपेत तेवढी ती दिसायची. जरा मान हलवली की नाहीशी. दुपारी गिऱ्हाईक नसताना मी बसायचे. चाक फिरतंय, बोटांत मऊ फडक्याचा तुकडा, त्यातून काहीतरी सरकतंय, आणि ते आहे हे फक्त बोटांना माहीत. बाहेर लोंढा जंक्शनकडं जाणारी गाडी शिट्टी द्यायची आणि मला वाटायचं मी तार नाही, ती दुपारच गुंडाळतेय. इतकं सुख मला पंप भरताना कधी झालं नाही.

आणि मग मी माती खाल्ली. आमच्या धंद्यात वेटोळं झालं की ते वार्निशमध्ये बुडवायचं आणि दिवे लावलेल्या पत्र्याच्या पिंपात भाजून काढायचं. हात आपोआप तेच करतात. मी तो पिकअप पंपाच्या वाइंडिंगबरोबर पिंपात ठेवला आणि भाकऱ्या करायला गेले. परत येते तर प्लास्टिकची चौकट करपलेल्या पापडासारखी वळलेली आणि तार जागोजागी तुटलेली. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. चिठ्ठी पुन्हा नीट वाचली तेव्हा कळलं, की ह्याला वार्निश नाही, मेण लागतं, आणि तेही मंद आचेचं. माळीवर गिटार टांगणाऱ्या वहिनीवर मी कोणत्या तोंडानं रागावले होते, असं वाटलं. तिला फोन करून सांगितलं तर ती इतकी हसली की माझा स्वतःवरचा राग गेला. दुसऱ्याच दिवशी तिनं बसच्या कंडक्टरकडं जंगलातल्या पोळ्याचं मेण पाठवून दिलं.

पुन्हा एक स्वस्त पिकअप मागवला, पुन्हा दुपार, पुन्हा न दिसणारी तार. ह्या वेळी मोठ्या भांड्यात पाणी, त्यात छोटं भांडं, त्यात मेण आणि थोडी मेणबत्ती. वेटोळं आत सोडलं की बुडबुडे येतात; ते थांबले की मेण आतपर्यंत भरलं. दुकानभर मधाचा वास. ग्रीस आणि जळक्या तांब्याच्या त्या खोलीत मी खुळ्यासारखी नुसती वास घेत बसून राहिले.

नवा पिकअप बसवलेली गिटार आणि स्पीकर घेऊन मी माहेरी गेले. तोवर भातलावणी उरकली होती. स्पीकर लावला आणि कुणी तारेला हात लावायच्या आधीच आतून घूं असा आवाज यायला लागला. वेढे जास्त, त्यामुळं घरातल्या विजेची सगळी घरघर ते वेटोळं ओढून घेत होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ही घरघर म्हणजे कामातला दोष, असं चिठ्ठ्यांनी मला पढवलं होतं. मी बटण बंद करायला वाकले तर अण्णानं माझा हात धरला.

"ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "ऐकू येतंय."

त्यानं डोळे मिटले, जाड तारेची खुंटी हळूहळू पिळली, आणि तार त्या घरघरीला येऊन मिळाली. मग तो गुणगुणायला लागला. वहिनी चुलीपाशी होती, तिच्या हातातली फुंकणी तशीच राहिली.

तरी मी कारागीर, मला तो दोष खुपत होता. दुसऱ्या दिवशी अण्णा शेताकडं गेला तेव्हा चिठ्ठीत दिल्याप्रमाणं पिकअपभोवती तांब्याचा पत्रा लावला, तारा अर्थिंगच्या वायरीला जोडल्या. घरघर गेली, गिटार काचेसारखी स्वच्छ. मी खूश. अण्णा आला, बसला, वाट बघत राहिला. मग म्हणाला, "बाय, सूर कुठं गेला?"

मी त्याच्यासमोर बसून पत्रा सोलून काढला, जोडलेली वायर कापली. आपण नीट केलेलं काम आपल्याच हातानं बिघडवायला फार जिवावर येतं. पण घूं आली आणि त्याचा चेहरा उजळला, तेव्हा मला कुठल्याच चिठ्ठीची फिकीर राहिली नाही.

चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी दुपारनंतर भजन होतं. अण्णा ओट्यावरून आत आला. स्पीकर त्यानं मांडीला टेकवून घेतला. चुलते टाळ घेऊन सरकले आणि जागा करून दिली. मी माजघराच्या दारात उभी होते.  सुटला सूर तर? पुन्हा कुणी गुडघ्यावर हात ठेवला तर तो परत कधीच आत येणार नव्हता.

घूं झाली. अण्णानं डोळे मिटले आणि सूर धरला. धरला तो बरोबर धरला. टाळ लागले, मृदंग लागला. बाहेर अंगणात धुकं उतरलं होतं आणि त्या धुक्यातच सगळं चाललंय असं मला वाटत होतं.

दुसऱ्या अभंगाच्या मधेच लाइट गेली. आमच्याकडं पावसाळ्यात ती जातेच; खोलीत उजेड होता म्हणून कुणाच्या लक्षातही आलं नाही. पण स्पीकरवरचा लाल दिवा विझलेला मला दिसला. घूं गेली, गिटारीचा आवाज गेला. अण्णाला आता काहीच ऐकू येत नसणार. तरी तो गात होता.  एक कडवं गेलं, दुसरं गेलं. लाल दिवा पुन्हा पेटला, जमिनीतून उगवल्यासारखी घूं वर आली, आणि ती जिथं आली तिथंच अण्णाचा आवाज होता. केसभरही खाली नाही, वर नाही.

भजन संपल्यावर वहिनी प्रसाद वाटत आली आणि त्याच्या कानाशी ओरडून म्हणाली, "लाइट गेलती मदी, तुमास्नी कळलं काय?"

अण्णा हसला. तिचं बोलणं त्याला खरं वाटलं नाही. त्यानं माझ्याकडं बघितलं, मी सांगावं म्हणून.

"न्हाई गं बाय," तो म्हणाला, "मला ऐकू येत हुतं की."

मी त्याच्याच म्हणण्याला मान हलवून व्हय म्हटलं, आणि चुलीच्या धुराचं निमित्त करून आत जाऊन रडले.