फ्रेंच हॉटेलातले डोहाळे

मैत्रिणीला पाचवा महिना लागला तरी तिच्या पोटात काही टिकत नव्हतं. भाकरी नको, वरणभात नको. मालवणची बाई, पण माशाचा नुसता वास आला की मोरीकडे पळायची. डॉक्टरीणबाई रागावल्या, "वजन वाढतच नाहीये. असंच चाललं तर ॲडमिट करावं लागेल." त्या दिवसापासून माझी झोप उडाली. तिला मात्र झोप छान लागायची.

मरोळच्या शर्टांच्या कारखान्यात आम्ही शेजारशेजारच्या मशीनवर बसतो. ती कॉलर लावते, मी बटणपट्टी. तिची आई आता नाही. नवरा जहाजावर खानसामा, तो बाळंतपणापर्यंत येतो की नाही तेही नक्की नाही. मग तिचे डोहाळे पुरवायचे कोणी?

एकदा जेवणाच्या सुट्टीत तिने माझ्यापुढे मोबाईल धरला. वाडग्यात कसलंतरी तपकिरी सूप, वर पावाचा तुकडा, त्यावर वितळलेलं चीज.

"ह्या खावचासा वाटता गो."

"काय आहे हे?"

"कांद्याचा सूप. फ्रेंच लोकांचा."

"कांद्याचं ना? मी करते की घरी."

"तू करशीत गो, पण ह्या असा नाय होवचा."

"भांडुपला मिळत असेल?" मी विचारलं. ती भांडुपला राहते, म्हणून.

"भांडुपला!" असं म्हणून ती इतकी हसली की पलीकडच्या बायका बघायला लागल्या. किती दिवसांनी हसली होती. मी तिथेच ठरवलं, हिला न्यायचं.

ठरवलं खरं, पण आतून माझी तंतरली होती. माझी शाळा आठवीत सुटली. इंग्रजी अक्षरं ओळखते, पण जुळवता जुळवता समोरचा माणूस निघून जातो. काटा कुठल्या हातात, सुरी कुठल्या, हे मी मोबाईलवर बघून घरी चपातीवर सराव केला. हसू नका. बुलढाण्याकडून मी इथे आले त्या पहिल्याच पावसाळ्यात मला टायफॉइड झाला होता. ओळख जेमतेम कारखान्यापुरती, तरी हिने मला आपल्या खोलीवर नेलं आणि चमच्याने पेज भरवली. ती नसती तर मी कधीच गावाची एसटी धरली असती. तिच्यासाठी चपाती सुरीने कापणं काय मोठं?

रविवारी दुपारी रिक्षा करून अंधेरी पश्चिमेच्या एका फ्रेंच हॉटेलात गेलो. माझ्या पर्समध्ये लिंबू, आवळासुपारी आणि एक प्लास्टिकची पिशवी. आत थंडगार, पांढरे टेबलक्लॉथ, सगळे हळू बोलणारे. मी खुर्चीच्या कडेवर बसले. वेटर इंग्रजीतून पाण्याबद्दल काहीतरी विचारायला लागला, तर मी म्हटलं, "साधं." मग मैत्रिणीने मोबाईलमधला फोटोच त्याला दाखवला. तो मान डोलावून गेला.

सूप आलं. अगदी फोटोसारखं, वाफा निघत होत्या. तिने चमचा उचलला, वाडग्यावर वाकली, आणि तोंडावर हात ठेवला.

"चीजचो वास," एवढंच बोलली. डोळ्यांत पाणी.

झालं, वाट लागली. मी हातानेच ते चीज पावासकट उचललं. वाडग्यापासून तोंडापर्यंत चीजची लांब तार. तुटेना. जीभ भाजली. सराव केलेला काटा तसाच पडून. वास तर जावा म्हणून सगळं मीच गिळलं. तरी उरलेल्या सुपाला वास होताच, तिने वाडगा लांब सारला.

तेवढ्यात वेटर आला. आता हा उठवणार, असं वाटलं.

"काय झालं ताई?" चक्क मराठीत.

"पाचवा महिना आहे हो. वास सहन होत नाही तिला."

"माझ्या बायकोला फोडणीचा सहन व्हायचा नाही," असं म्हणून त्याने वाडगा उचलला. थोड्या वेळाने दुसरा घेऊन आला. त्यात चीज नाही, पाव नाही, नुसतं पातळ सूप आणि तळाशी शिजून मऊ झालेला कांदा.

ती चमच्याला हात लावेना. मी चमचा घेतला, फुंकर मारली, तिच्या तोंडाशी नेला.

"लोका बघतत गो."

"बघू दे."

तिने गिळलं. मी टेबलाखाली एका हातात पिशवी उघडून धरली होती. मी तिच्या गळ्याकडे बघत राहिले. शेजारच्या टेबलावर कुणीतरी ग्लास ठेवला, तेवढ्यानेही मी दचकले.

"पेजेसारखा गरम आसा," ती म्हणाली. "आणखी दी."

वाडगा संपला. वेटरने न विचारता टोपलीत पाव आणला, तोही तिने वाडग्याच्या तळाला पुसून खाल्ला. मग माझ्या हनुवटीकडे बोट दाखवून म्हणाली, "आधी ता चीज पूस. आणि ती पिशवी आत ठेव. माका कधीची दिसता हा."

परत येताना प्रत्येक गतिरोधकाला मी रिक्षावाल्याला "दादा, सावकाश" म्हणत होते आणि तिच्या तोंडाकडे बघत होते. शेवटी ती वैतागली.

"अशी बघू नको गो. सूप आतच आसा."