पान नऊवरची भाजीवाली

२०२४ सालचा डिसेंबर, मार्गशीर्षातली थंडी. अर्थशास्त्राच्या या ग्रंथालयात मी चाळीस वर्षं शिपाई होतो. शिक्षण सातवी. निवृत्तीनंतरही बोलावतात, कारण कुठलं पुस्तक कुठे आहे हे मलाच ठाऊक! धूळ रोज पुसली तरी साठते. किस्सेही तसेच. हे सगळे फाटक सरांचे.

*

सरांचा विषय एकच. शंभरेक वर्षांपूर्वी काही अर्थतज्ज्ञांनी समाजशास्त्र वाचलं आणि म्हणाले, माणूस बाजारात नुसता फायदा बघत नाही. सवय बघतो, रीत बघतो, चारचौघं बघतो. बाकीचे प्राध्यापक हसायचे.

"फाटक, समाजशास्त्र समोरच्या बिल्डिंगमध्ये आहे!"

"माहीत आहे. तिथला चहा बरा असतो."

*

एकदा सर पुस्तकात रेघा मारत होते, मी त्यांना पकडलं. पेन्सिल काढून घेतली.

"अहो, मी प्राध्यापक आहे!"

"आणि पुस्तक ग्रंथालयाचं आहे."

पेन्सिल परत दिली नाही.

*

सरांना खरा बाजार बघायचा होता. मी मंडईत आक्काकडे नेलं. माझी थोरली बहीण, हौसाबाई. शेजारचा गाळेवाला आजारी होता. आक्का आपल्याच गिऱ्हाइकांना सांगत होती, "आज त्याच्या बायकोकडनं घ्या."

"यात तुमचा तोटा नाही का?" सरांनी विचारलं.

"आहे की! पण उद्या तिच्या तोंडाकडं बघायचं कसं?"

सरांनी वही मिटली. "बाई, माझं अख्खं पुस्तक सांगितलंत!"

*

पुस्तक छापून आलं. आक्काला वाचता येत नव्हतं. मी सरांसमोरच तिला पान नऊ वाचून दाखवलं. 'मंडईतील एक भाजीवाली म्हणते...'

"एक भाजीवाली? मला नाव नाही व्हय?"

सर ओशाळले. "चुकलंच. दुसऱ्या आवृत्तीत नक्की घालतो."

पहिलीच खपली नाही! आक्का दर दिवाळीला विचारायची, "आली का रे दुसरी?" मागच्या वर्षी ती गेली.

*

परवा सर आले, नातीचा हात धरून. आता ते माणसं ओळखत नाहीत. मलाही ओळखलं नाही. स्वतःच्या पुस्तकाचं नाव तेवढं नीट सांगितलं. मी काढून दिलं. त्यांनी पान नऊ उघडलं, खिसे चाचपले. मग हळूच म्हणाले,

"पेन आहे का हो? इथला शिपाई फार कडक आहे. त्याला दिसता कामा नये."

मी माझं पेन दिलं आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो.

ते गेल्यावर पान बघितलं. 'एक भाजीवाली' खोडलं होतं. वर वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलं होतं, 'हौसाबाई'.