फळा निंबाखाली

मी आमच्या घरातला पहिला बी.ए. मानोऱ्याजवळच्या एका खेड्यात मास्तर झालो. शाळा मारुतीच्या देवळात भरायची. आधी आरती, मग हजेरी. कापूस पिंजणाऱ्या मुसलमान घरातले दोघे भाऊ मात्र पायरीखाली उभे राहून ‘हजर’ म्हणायचे आणि तिथूनच शिकायचे. तिथून त्यांना फळा दिसत नसे.

एका सकाळी मी फळा समोरच्या निंबाला टांगला. ज्याला आरती करायची त्याने शाळेआधी करावी, असं सांगितलं.

पाटील आले. “काहून हो मास्तर, देवाले शाळेतून काढून राह्यले का तुमी?”

“देव जागेवरच आहे, पाटील. मी फक्त फळा हलवला.”

“मंग आता पोरायसंगच बोलत बसा!”

गावाने माझ्याशी बोलणं टाकलं. पोळ्याला कुणाकडून जेवायचं बोलावणं आलं नाही. त्यांचा राग मला कळत होता. मीही लहानपणी आरतीनंतरच अक्षरं गिरवली होती, आणि त्या अक्षरांचे उपकार विसरलो नव्हतो. पण अक्षराला आरतीची अट नसावी.

पाऊस आला की सगळा वर्ग माझ्या एका खोलीत दाटीने बसायचा. ते दोघे भाऊ अगदी फळ्यासमोर. शाळा सुटली की तीच खोली फार मोठी वाटायची.