पाकिटं ठोकणारे मामा

आमच्या मामांच्या भरवशावर कुणी खुर्च्यांचं दुकान घातलं असतं, तर आठवड्यात गाशा गुंडाळून घरी बसला असता. शाहूपुरीतल्या आमच्या पतसंस्थेत हे सगळ्यांचे मामा आलेलं टपाल बघायचे आणि मी टायपिस्ट होते, पण हा माणूस धड बसलेला कधी पाहिलाच नाही. चहा उभ्यानं, डबा फेऱ्या मारत, आणि हाताला येईल ते टेबलावर ठोकायचं. काडेपेटी ठोकायचे, पेपर ठोकायचे, एकदा तर डब्यातली भाकरीच ठोकली. मी म्हटलं, "मामा, पीठ झटकताय की काय?" तर म्हणाले, "काय करू ताई, हात गप बसत न्हाईत."

नव्वदीच्या शेवटाला साहेबांनी पाकिटं फोडायचं विजेचं मशिन आणलं. मामांना बसवायलाच आणलं, असं आम्ही म्हणायचो. एका बाजूला पाकिटांची चवड ठेवायची. पट्टा एकेक पाकीट आत ओढायचा, गोल पातं वरच्या कडेची सुताएवढी पट्टी कापायचं, पट्टी खालच्या डब्यात आणि उघडं पाकीट पलीकडे. मात्र आधी चवड उभी धरून ठोकावी लागे, म्हणजे आतला कागद तळाला बसून पात्यापासून वाचतो. झालं! मामांच्या खोडीला साहेबांची मंजुरीच मिळाली. खालचा पानपट्टीवाला वर येऊन विचारून गेला, "भिंत पाडतायसा काय?" आणि आमचं टपाल तरी साधं कुठलं? सभासदांच्या लग्नपत्रिकांत अक्षता, जत्रेनंतरच्या पाकिटांत जोतिबाचा गुलाल. पातं फिरलं की तांदूळ पट्ट्यात आणि गुलाल साहेबांच्या पांढऱ्या शर्टावर. साहेब कावले, तर मामा वर आणि म्हणतात, "देवाचा हाय साहेब, झटकू नगासा!"

श्रावण लागला की मात्र मामांच्या येरझाऱ्या बघवत नसत. मुरगूडला दिलेली त्यांची थोरली बहीण, आक्का. मामा राहत त्या बावड्याच्या वडिलोपार्जित घराच्या वाटणीवरून भांडण झालं आणि तिनं राखी पाठवणं बंद केलं. पाठवलीच तर ती कचेरीत येईल, असं मामांचं ठाम मत. ज्या घरावरून भांडण, त्या घराचा पत्ता ती कशाला लिहील? म्हणून श्रावणात पोस्टमन जिन्यात दिसला की हे खाली धावत आणि आक्काचं तिरकं अक्षर शोधत.

त्या वर्षी राखीपौर्णिमेच्या दिवशीही अक्षर दिसलं नाही. मामांचा चेहरा उतरला. "न्हाय पाठवली," एवढंच बोलले आणि रागारागानं अख्खी चवड मशिनात कोंबली. न ठोकता! मी ओरडणार तोच एका पाकिटातून लाल रेशीम लोंबत बाहेर आलं. पत्ता आक्काच्या नातवानं इंग्रजीत घातला होता. आत राखी होती, पण पात्यानं एका बाजूचा दोरा साफ उडवला होता.

मामा मटकन खालीच बसले आणि कातरणाचा डबा उपडा केला. मग मी बसले, कॅशियर बसला, गुलालाचा राग विसरून साहेबही बसले. कागदाच्या त्या पट्ट्यांत तांदळाचे दाणे सापडत होते, गुलाल सापडत होता, दोरा काही सापडेना. मामांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. "इतक्या वरसांनी दिलं तिनं, आन् म्या कापलं की ओ!"

दोरा शेवटी साहेबांच्या हाताला लागला. मी तो गाठ मारून राखीला जोडला आणि राखी मामांच्या मनगटावर बांधली. मामांनी लगेच मुरगूडला आक्काच्या शेजाऱ्यांकडं फोन लावला. ती फोनवर येईपर्यंत चारदा रिसिव्हर टेबलावर ठोकला. मग एकदम मोठ्यानं म्हणाले, "आक्के, मिळाली गं! पर दोरा केवढा लांब पाठवलास? दोन गाठी माराय लागल्या बग!"

पलीकडून काय उत्तर आलं ते आम्हाला ऐकू आलं नाही. मामा नुसतं "व्हय, व्हय" म्हणत राहिले. मग फोन ठेवून खुर्चीत बसले. राखीचा हात मांडीवर, आणि दुसराही गप. संध्याकाळी कचेरी बंद करायची वेळ झाली तरी कुणी त्यांना उठा म्हणालं नाही.

मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली. मशिन कुठल्या भंगारात गेलं कोण जाणे. त्या दिवशीचे ते स्वस्थ बसलेले मामा आठवले, की मलाच मेलीला बसवत नाही. उठते आणि घरातल्या घरात फेऱ्या मारत राहते.