लांबचा आवाज

निघायच्या दिवशी विमानतळाची टॅक्सी काही तांबट आळीत शिरली नाही. दोन बॅगा घेऊन आम्ही मोठ्या रस्त्यापर्यंत चालत गेलो, आणि आळी हातातली कामं टाकून ओट्यांवर येऊन उभी राहिली. पुण्याच्या कसब्यात कुणी परदेशी निघालं की ते घरच्यांपुरतं राहत नाही. मी टॅक्सीत बसले तेव्हा बाबा म्हणाले, "एकटी पडलीस तर सरळ परत ये. नोकऱ्या काय, छप्पन्न मिळतील." म्हणाले म्हणजे ओरडले. सगळ्या रस्त्याने ऐकलं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाबांचे कान तांब्याने नेले. पातेली, बंब, घागरी मठारताना दिवसभर हातोडीचे ठोके पडतात, आणि वीस-तीस वर्षांत माणसाचा बारीक आवाज जातो, जाड तेवढा राहतो. बायकामुलींचं बोलणं तर पहिलं जातं. त्यामुळे आमच्या घरात लाडाने बोलायचं तरी ओरडूनच. हिंजवडीत नोकरीला लागले तेव्हा आठ दिवसांत मॅनेजरने बाजूला घेऊन विचारलं होतं, घरी काही प्रॉब्लेम आहे का, तुम्ही सतत चिडलेल्या वाटता. तेव्हापासून मी हळू बोलायला शिकले. इतकी हळू, की पुढे इटलीत ऑनसाइट गेल्यावर मीटिंगमध्ये मी काही बोलले की नाही हेच कुणाला कळत नसे.

सहा महिन्यांसाठी गेले होते. क्लायंटचं ऑफिस एका लहानशा गावात. टेस्टिंगचं काम, टीममध्ये भारतातली मी एकटी. राहायची खोली एका वृद्ध बाईंच्या घरात, भिंती पापडासारख्या. सकाळी गुड मॉर्निंग, संध्याकाळी गुड नाइट, आणि मध्ये स्क्रीन. आळीतल्या तुमच्यापैकी जे परदेशी गेलेत त्यांना हे सांगायला नको. जे आळीत राहिलात, त्यांना मी तेव्हा फक्त फोटो पाठवत होते. फोटोंत मी कुठे दुःखी दिसले नाही.

दर रविवारी मी कॉलिंग कार्ड घेऊन खोलीतून मोबाइलवर घरी फोन लावायची. पुण्यात तेव्हा साडेसात झालेले असत, आळीतले ठोके थांबलेले असत. आधी आई बोलायची. शेवटी बाबा रिसीव्हर घ्यायचे आणि मी काय म्हणतेय याची वाट न बघता आपलं पाठ केल्यासारखं म्हणायचे, "हॅलो. जेवलीस का? बरं. तब्येतीला जप. ठेवतो." माझं उत्तर त्यांना ऐकूच यायचं नाही, म्हणून ते थांबायचेच नाहीत.

सहावा महिना संपत आला आणि कंपनीने एक्स्टेंशन देऊ केलं. दोन वर्षं. सोमवारी सकाळी हो की नाही सांगायचं होतं. मला परत यायचं होतं. इतकं यायचं होतं की कपड्यांची बॅग मी आधीच भरून ठेवली होती. आई म्हणाली, "दोन वर्षांचं मी त्यांना सांगितलंय. राहायचं की नाही ते तूच बोल बाबांशी. ते म्हणतील तसं." पण बाबांशी बोलायचं म्हणजे ओरडायचं, आणि त्या पापडी भिंतींच्या खोलीत मी ओरडणार कशी?

त्या रविवारी त्यांच्या देशाची फुटबॉलची मोठी मॅच होती. दुपारपासून दुकानं बंद, रस्ते ओस. गावामागच्या टेकडीवर एक जुनं रोमन शहर उकरून काढलेलं होतं, त्याच्याकडे त्या दिवशी काळं कुत्रं फिरकणार नव्हतं. मी ठरवलं, तिथे जाऊन ओरडायचं. तिकीटघरातले आजोबा कानाला रेडिओ लावून बसले होते. त्यांनी माझ्याकडे न बघताच हाताने खूण केली, जा आत.

आत एक दगडी रस्ता होता, आमच्या आळीएवढाच अरुंद. दोन्ही बाजूंना खोलीएवढी दुकानं, पुढे ओटे. एका दुकानात काळवंडलेला खड्डा होता. शेजारचा फलक मला वाचता येत नव्हता, पण भट्टी मला कळते. दोन हजार वर्षांपूर्वी इथेही कुणीतरी ठोकत बसलं असेल, त्याच्याही मुलीला ओरडून बोलावं लागलं असेल. तिथे ओट्यावर बसले आणि मला रडू आलं. फोन लावून आईला म्हटलं, बाबांना दे.

बाबांनी सुरू केलं, "हॅलो. जेवलीस का?" मी उभी राहिले आणि होता नव्हता तेवढा जोर काढून ओरडले, "बाबा, मी एकटी पडलेय. मला घरी यायचंय."

नेमक्या त्याच क्षणी खाली गावात गोल झाला. चौकात मोठा पडदा लावला होता, त्यासमोरचं सगळं गाव एका घशाने ओरडलं. गाड्यांचे भोंगे, चर्चची घंटा, सगळं एकदम. टेकडीवरचे पक्षी उडाले. आणि फोनमध्ये बाबा पहिल्यांदाच थांबले.

"केवढा आवाज गं," ते म्हणाले. "माणसांत आहेस की. मग राहा दोन वर्षं. आमची काळजी करू नकोस." रिसीव्हर आईकडे गेला. "काय सांगितलंस? बाबा हसतायत बघ." आईला मी खरं सांगू शकत होते. "काही नाही," मी म्हटलं. सोमवारी हो कळवलं.

दोन वर्षांची अकरा झाली. पुढे मोठ्या शहरात फ्लॅट घेतला तोही ट्रामच्या रस्त्यावर. एजंट दाखवत होता मागच्या बाजूचे, शांत. मला पुढचाच हवा होता, कारण रविवारी फोन लावण्याआधी मी खिडकी उघडायची. बाबांना ट्राम ऐकू जायची, त्यांना बरं वाटायचं.

गेल्या दिवाळीत घरी गेले तेव्हा बाबांच्या कानाला मशीन लागलं होतं. ओट्यावर चहा घेऊन बसलो होतो. बाबा एकदम म्हणाले, "दोन वर्षं राहा म्हणालो, त्या दिवशी तुझ्याजवळ कुणी नव्हतं. आवाज लांबचा होता."

मी कप ओट्यावर ठेवला.

"जन्म इथे गेला माझा. ठोका शेजारचा की चार घरं पलीकडचा, एवढं बहिऱ्यालाही कळतं."

"मग राहा का म्हणालात?"

"तू काहीतरी जिवाच्या आकांताने ओरडत होतीस. वाटलं, राहू द्या म्हणून भांडतेयस. म्हटलं, आपण कशाला आडवं यायचं."

आई कप न्यायला आली तरी आमचे कप भरलेलेच होते.

इटलीत परतल्यावर पहिल्या रविवारी मी खिडकी लावून घेतली आणि फोन केला. बाबांनीच उचलला. थोडा वेळ ऐकत राहिले.

"आज आवाज नाही गं. कोण आहे तिथे?"

"कुणी नाही बाबा."

"बरं," ते म्हणाले. "मग बोल निवांत."