डाळजच्या मेंढरांचा रकाना

प्रवासवर्णन लिहिण्याचा मला अधिकार नाही, हे आधीच कबूल करतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, आणि हा प्रवासही एसटीने दोन तालुक्यांपलीकडे गेला नाही. वार्षिक अंकाच्या वाचकांनी सांभाळून घ्यावे.

आमच्या विभागातले सर एक कंप्युटर प्रोग्रॅम तयार करत होते. पुढे ऊन वाढले, पाऊस बदलला, तर कुठल्या तालुक्याचे किती नुकसान होईल, ते त्यातून रुपयांत निघणार होते. बारामती आणि इंदापूरची माहिती आणायचे काम माझ्याकडे आले.

श्रावणात निघालो. नीरा सोडल्यावर कालव्याकडेने ऊस सुरू झाला तो वडगाव निंबाळकरपर्यंत संपेना. तिथे एका गोठ्याच्या मालकांना, आबांना, भीतभीत विचारले, "ऊन वाढलं तर तुमचं काय होईल?"

"गाया शेडात, ऊस पाण्यात. तुमीच तेवढी छत्री घ्या," ते म्हणाले आणि पेलाभर दूध पुढे केले. त्यांची माहिती मात्र चोख होती. सगळी रकान्यांत बसली.

बारामती स्टँडवर भजी खाल्ली. माझे काम ऐकून हॉटेलवाले चाचा म्हणाले, "कालच्या पेपरात हवामानाचा अंदाज हाय की. त्यातच तुमची भजी बांधलीत."

इंदापूर तालुक्यातल्या डाळज गावाला पुढची गाडी थांबत नव्हती. कंडक्टरने भिगवणलाच उतरवले. हायवेच्या कडेने चालताना चपलेचा अंगठा तुटला. ती हातात घेऊन पोहोचलो. श्रावण असूनही माळ पिवळा होता. एका वाघरीपाशी (मेंढरांभोवती लावायचे जाळे) म्हातारे धनगर तात्या बसले होते. त्यांचा मुलगा बिरू बारामतीच्या कारखान्यात नोकरी बघत होता. मेंढरे विकावीत, असे त्याचे म्हणणे.

तात्यांनी भाकरी आणि लसणाची चटणी वाढली. मी प्रश्न काढले.

"मेंढरांपासून वर्षाला किती रुपये मिळतात?"

"रुपये? दसरा झाला की आमी कोकणात उतरतो. तितं लोक रानात मेंढरं बसवून घेत्यात. रानाला खत हुतं, आमाला भात मिळतो. पैसा कुठं आला मधी?"

"आणि इथं चरायला किती खर्च येतो?"

"माळ हाय. त्येचं कोण काय मागतंय?"

मी काय लिहावे ते मला कळेना. बिरू हसला. "लिवा, कायच न्हाय म्हणून. तात्या, आता ह्यांच्या कंप्युटरलाच इचारा, पुढं गवत ऱ्हाईल का. मी सांगून थकलो."

"इचारतो की," तात्या म्हणाले. "पोरा, तू इचारून कळव. न्हाय ऱ्हाणार म्हणला, तर माज्या हातानं इकतो. तवर एक कोकरूबी हलणार न्हाय."

कळवतो, असे मी म्हणालो. खरेच कळवता येईल असे मला वाटत होते.

पुण्यात आल्यावर सरांना सगळे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकले. म्हणाले, "जिथं बाजारभाव नाही, तिथं शून्य भर."

"म्हणजे मेंढरांचं नुकसान होणार नाही?"

"तसं नाही. आपल्याला ठाऊक नाही, एवढाच अर्थ."

"मग रिकामंच ठेवू का?"

"रकाना रिकामा राहिला तर प्रोग्रॅम चालत नाही."

मी शून्य भरले. प्रोग्रॅम चालला. प्रिंटरमधून कागद निघाला, त्यात उसाच्या जोरावर दोन्ही तालुके जवळपास सुखरूप होते. पन्नास वर्षे पुढचे बघणाऱ्या त्या यंत्रात डाळजचा माळ कुठेच नव्हता. सुखरूप आहात, असे तात्यांना लिहिणे खोटे झाले असते. गवत जाईल, असे लिहायला आधार नव्हता. मी पोस्टकार्ड घेऊन बसे आणि तसाच उठे. शिकून आपण काय मिळवले, हा प्रश्न तेव्हापासून मला सोडत नाही.

दिवाळीची सुट्टी संपवून हॉस्टेलवर भिगवणचा एक मित्र परतला. तात्यांनी मेंढरे विकली, असे त्याने सांगितले. बिरूने बापाला सांगितले होते, की पुण्याहून उत्तर आले, गवत राहणार नाही.

"तात्यांनी खरं मानलं?" मी विचारले.

"मानलं म्हणजे काय. सगळ्या गावाला सांगत्यात, पुण्याचं पोरगं शब्दाला जागलं."